परदेशी रेकॉर्डची किंमत

मल्लिकार्जुनने ब्लेडचं टोक चिकटपट्टीखाली घातलं आणि खोक्याच्या कडेने सरळ ओढत नेलं. वरचा पुठ्ठा उघडला, आतला दुसरा बाहेर काढला. रेकॉर्ड त्या दोघांच्या मधोमध होती. प्लॅस्टिकच्या आवरणात घट्ट बसलेली, चारही कोपरे शाबूत. तिच्यावर घडी घातलेला एक कागद होता. मुंबईच्या आयातदाराचं बिल. घडी पुरती बसली नव्हती, त्यामुळे खालचा आकडा दिसत होता. तीन हजार नऊशे चाळीस.

त्याने कागदाच्या आणखी दोन घड्या घातल्या आणि तो पुठ्ठ्याखाली सरकवला. मागच्या दोन वेळांनाही त्याने हेच केलं होतं.

काउंटरपलीकडे स्टुलावर बसून उज्वलाकाकू टेबल-लॅम्पच्या खोक्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“नऊ हजार दोनशे,” त्या म्हणाल्या.

त्याने पाकीट काढलं.

दुकान बारा फूट रुंद होतं आणि वर पत्रा होता. एप्रिलचा तिसरा आठवडा. सकाळी अकरालाच पत्रा तापून तडतडायला लागला होता. पुढच्या भागात हॉस्टेलच्या मुलांना लागणारा माल होता. टेबल-लॅम्प, एक्स्टेन्शन बोर्ड, कुलपं, बादल्या, डास मारायच्या रॅकेट, शेजारच्याचा आवाज नको म्हणून कानात घालायचे बोळे. मागच्या भिंतीवर रेकॉर्डची एक फळी राहिली होती. काकूंचे यजमान हणमंतकाका होते तेव्हा सगळं दुकानच रेकॉर्डचं होतं, नंतर कॅसेटचं. लातुरात क्लास वाढत गेले तसा एकेक कप्पा लॅम्पकडे गेला. काकांना जाऊन पाच वर्षं झाली होती आणि परदेशी रेकॉर्ड मागवणारं गिऱ्हाईक आता एकच उरलं होतं.

पहिली रेकॉर्ड काकूंनी त्याला साडेतीन हजाराला दिली होती. मग चार. गेल्या दीड वर्षात किंमत चढतच गेली. साडेपाच, सात, आठ, आज नऊ हजार दोनशे. त्याने एकदाही घासाघीस केली नव्हती. काकूंना पैशांची गरज आहे आणि त्यांना ते मागता येत नाहीत, एवढं त्याला त्यातून कळलं होतं. खोक्यात पहिल्यांदा बिल दिसलं तेव्हा तर खात्रीच पटली. ते काढून ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. अशा वेळी समोरच्याने न बघणं हीच रीत.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. रविवारी आठ ते अकरा चाचणी परीक्षा असे आणि बारा वाजता त्याच पेपरची चर्चा. मधला वेळ तो इथे घालवत असे. चौकातल्या होर्डिंगवर हाताची घडी घातलेला त्याचा फोटो होता, खाली ‘फिजिक्स’ एवढा एकच शब्द. दुकानात उभं राहिलं की तो फोटो दिसत नसे. ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती.

आज बारा वाजायच्या आत त्याला भुजंगरावांच्या केबिनमध्ये एका कागदावर सही करायची होती.

भुजंगरावांच्या क्लासमध्ये तो चौदा वर्षं शिकवत होता. बायको राजश्री नांदेडला प्राध्यापक, मुलगा आलोक तिथेच तिसरीत. लातूरहून सुटायचं म्हणजे अहमदपूर, लोहा करत साडेतीन तासांची एसटी, आणि रविवारीही तास असल्यामुळे ती महिन्यातून एकदाच. यंदा नांदेडजवळच्या विष्णुपुरीत एका कॉलेजात जागा निघाली. पगार इथल्या निम्म्याहून कमी, पण संध्याकाळी सहाला माणूस घरी. कॉलेजला सोमवारपर्यंत, म्हणजे उद्या, उत्तर हवं होतं.

मार्चमध्ये त्याने भुजंगरावांना सांगितलं होतं की सोडतो. भुजंगरावांनी चहा मागवला आणि काकूंच्या दुकानाचा विषय काढला. दुकानामागचे दोन्ही प्लॉट त्यांनी मुलींच्या हॉस्टेलसाठी घेतले होते, पण रस्त्याला तोंड होतं ते फक्त दुकानाच्या जागेतून. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माणूस पाठवला तेव्हा काकू ‘विचार करून सांगते’ म्हणाल्या होत्या. इकडे तोंडावर नाही कुणी म्हणत नाही, म्हणून सगळ्यांनी तो नकारच धरला. मग भुजंगरावांनी मल्लिकार्जुनला गाठलं. तुम्ही घरचे, तुम्ही बोला. तो काकूंशी बोलला नव्हता. त्याने तेव्हाच परस्पर सांगून टाकलं होतं की त्या देणार नाहीत, त्या जागेला हात लावू नका; मार्चमध्येही तो तेच म्हणाला.

“न्हाई लावत,” भुजंगराव मार्चमध्ये म्हणाले होते. “मागच्या बोळातून गेट काढतो. खर्च वाढंल, वाढू द्या. पण मग तुम्हीबी पाच वर्षं हितंच थांबा, सर. तुम्ही असला तर हॉस्टेल भरतंय. दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहू.”

तो हो म्हणाला होता.

त्याने विचारलं असतं तर काकूंना त्याला नाही म्हणणं जमलं नसतं. म्हणून त्याने विचारलंच नव्हतं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात तो चौदा वर्षांचा होता. औसा तालुक्यातलं त्यांचं घर पहाटे दगडमातीसकट खाली आलं आणि त्यात आई गेली. मावशीने त्याला लातूरला आणलं. मावशीचं घर पक्कं, स्लॅबचं. तो स्लॅबखाली पाऊल ठेवायला तयार नव्हता. तीन महिने अंगणात झोपला. एक दिवस हिंडताना त्याला हे दुकान दिसलं. पडलाच तर पत्रा पडेल, असा विचार करून तो आत आला. हणमंतकाकांनी काही विचारलं नाही. त्याच्या कानांवर हेडफोन चढवला आणि हैदराबादच्या कुणा निवृत्त इंजिनिअरच्या घरातून आणलेली पियानोची एक रेकॉर्ड लावली. त्या दिवसांत जो तो भूकंपाचंच बोलायचा. त्या रेकॉर्डमध्ये शब्द नव्हते. तो काउंटरला टेकल्या टेकल्या झोपला. काका जेवायला घरी गेले, परत आले, तरी काकूंनी त्याला उठवू दिलं नाही.

नोटा त्याने काउंटरवर ठेवल्या. काकूंनी त्या उचलल्या नाहीत.

“पुढची लिहून घ्या,” तो म्हणाला. “नाव कागदावर आणलंय.”

“थांबा जरा. मागची कशी होती, सर?”

होर्डिंग लागल्यापासून काकू त्याला सर म्हणत. त्याआधी मल्लू म्हणायच्या.

“छान होती.”

“काय वाजत होतं तिच्यात?”

“पियानोच.”

“पियानोच,” काकू म्हणाल्या आणि एक चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली.

त्याच्या भाड्याच्या खोलीत शेवटच्या सहा रेकॉर्ड प्लॅस्टिकसकट भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. प्लेअरची सुई गेल्या वर्षी खराब झाली होती. ती बदलायला पुण्याला पाठवायची, एवढं तो दर महिन्याला ठरवत असे.

“एक विचारू का? राग न्हाई ना यायचा?”

“विचारा ना.”

“एवढी महाग का, असं तुम्ही कधीच का विचारत न्हाई? बादली घ्यायला आलेलं पोरगं वीस रुपयांसाठी माझं डोकं खातंय. काल एक जण मला म्हणला, आजी, कडी प्लॅस्टिकची हाय, दहा कमी करा. अन् तुम्ही नऊ हजार काढून ठेवले, वर पुढची लिहा म्हणता.”

“परदेशी माल आहे, काकू. येतानाच महाग येतो.”

“कसा काय?”

हे त्याचं तयार होतं. राजश्रीने हाच प्रश्न फोनवर विचारला होता तेव्हा त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं. तो वर्गात उभा राहतो तसा थोडा तिरपा उभा राहिला.

“तिकडं दुकानात दीड हजाराला असेल. पण रेकॉर्डला वजन आहे. ती दुमडत नाही, उन्हात वाकते. कव्हरचा कोपरा दबला तरी घेणारा नाक मुरडतो. म्हणून विमानाने आणायची, जाड पुठ्ठ्यात. मग कस्टम. ते नुसत्या रेकॉर्डवर नाही लागत, विमानाचं भाडं धरून लागतं. ते सगळं धरून पुन्हा जीएसटी. म्हणजे करावरही कर. मुंबईचा माणूस पन्नास मागवतो. त्यातल्या चार वाकड्या निघतात, दहा वर्षभर पडून राहतात. परत पाठवायची सोय नाही. त्या चौदांचा भार उरलेल्या छत्तिसांवर टाकल्याशिवाय त्याचं भागत नाही. तिथून पुन्हा लातूर. दहा एकदम आल्या असत्या तर भाडं वाटलं गेलं असतं. आपली एकटी येते, तर सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर.”

“झालं?”

“आणि तुमचं दुकान आहे. लाइट बिल आहे. तुम्हाला काही सुटायला नको का?”

“हे सगळं धरून किती झाले?”

तो पुन्हा सरळ उभा राहिला.

“चारशे पोरांना शिकवता, सर. सांगा की. किती झाले?”

“चार हजारांच्या आसपास.”

“तीन हजार नऊशे चाळीस. माझं दीडशे कमिशन मुंबईवाला त्यातच धरतो. बिलात लिहिलंय. तुम्ही आत्ता घड्या घालून पुठ्ठ्याखाली सारलं ना, त्या बिलात.”

पत्रा कुठेतरी तडकल्यासारखा वाजला. मल्लिकार्जुनने ब्लेड मिटवलं आणि चिकटपट्टीच्या रिळाशेजारी नीट ठेवलं.

“तीन खेपा ठेवलं मी ते,” काकू म्हणाल्या. “मुद्दाम. आकडा वर दिसंल असं. म्हणलं आता तरी भांडतील. आता तरी म्हणतील, काकू, लुटता का मला. तर तुम्ही आपले घड्या घालून राहिले.”

“मला वाटलं तुम्हाला गरज आहे.”

“कशाची?”

त्याने काउंटरवरच्या नोटांकडे पाहिलं.

“पैशाची असती तर मागितले असते. तुम्हाला मागायला मला कसली लाज?” काकूंनी खालच्या खणातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. “जास्तीचे सगळे ह्यात हायत. एक नोट मोडली न्हाई. जाताना न्यायचे.”

“मग किंमत वाढवली कशाला?”

“तुम्ही न्हाई म्हणावं म्हणून.”

एक मुलगी दारात आली, कुलूप आहे का म्हणाली. काकूंनी बसल्या जागेवरून हात लांब करून तिला कुलूप दिलं, पैसे घेतले, किल्ल्या दोन आहेत का ते बघून घे म्हणाल्या. ती गेल्यावर त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

“तुम्ही न्हाई म्हणला असता तर मी दुकान बंद केलं असतं. दर खेपेला ठरवते, ही आली की सांगून टाकायचं. तुम्ही येता, ती घेता, पुढचीचं नाव देऊन जाता. मग ती यायला दीड महिना. तवर बसा. ती आली की पुन्हा तेच. एक रेकॉर्ड कायम वाटेवर. तिच्यासाठी शटर उघडं ठेवायचं.”

“बंद करून कुठं जाणार होता?”

“मृण्मयीकडं. हदगावला. आठ महिन्यांचं लेकरू पाळणाघरात टाकून बँकेत जाते ती. दर रविवारी विचारते, आई, कधी येतीस. मी म्हणते, पार्सल यायचंय. आता जावई हसायला लागलेत. म्हणतात, तुझ्या आईचं पार्सल म्हणजे आपल्या गावची पाणी योजना.” त्या स्वतःही हसल्या. “स्लॅबचं घर हाय तिचं. वर कूलर. अन् मी हितं भाजून राहिले.”

“पण काकांचं दुकान—”

“काकांचं. माझं न्हाई.” काकूंनी मागच्या फळीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “मला गाणं कळत न्हाई रे, मल्लू. कधीच कळलं न्हाई. ते लावायचे, विचारायचे, कसं हाय. मी म्हणायचे, लई छान. तीस वर्षं म्हणले.”

मल्लिकार्जुनने काउंटरवरच्या नोटांच्या कडा सारख्या केल्या. मग पुन्हा केल्या.

“मग मला सांगायचं ना, काकू.”

“तुला? ज्या पोराला ह्या पत्र्याखाली झोप लागली त्याला सांगू, आता पत्रा काढते म्हणून?”

रस्त्यावरून परीक्षा सुटलेल्या मुलांचे घोळके जात होते. कुणी तरी कुणाला सतराव्या प्रश्नाचं उत्तर ओरडून विचारत होतं.

“भुजंगरावाचा माणूस आलता,” काकू म्हणाल्या. “झाली दोन वर्षं. जागा देता का म्हणून. मी म्हणलं, विचार करून सांगते. खरंच विचार करत होते. मृण्मयीचं लग्न व्हायचं होतं, तुझं मनात होतं. विचार झाला माझा, पण पुन्हा कुणी विचारायलाच आलं न्हाई. दुसरीकडं मिळाली असंल त्यांना जागा. तू तिथंच असतोस. विचारून बघ की, अजून पाहिजे का.”

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, हे काकूंना कळलं नसावं.

“विचारशील ना?”

“विचारतो.”

“आजच विचार. न्हाई तर मी पुन्हा तुझी पुढची लिहून बसंल.”

काकूंनी नोटांतून चार हजार मोजून घेतले, साठ रुपये परत केले आणि उरलेले डब्यातल्या पैशांवर ठेवले. डबा आणि रेकॉर्ड एका कापडी पिशवीत घालून पिशवी त्याच्या हातात दिली. पुढच्या रेकॉर्डचं नाव लिहिलेला कागद त्याच्या खिशातच राहिला.

क्लासची इमारत दोनशे पावलांवर होती. त्याने ती सावकाश चालून काढली. होर्डिंगखालून जाताना दोन पालक थांबले, नमस्कार करून म्हणाले की मुलीला तुमच्याच बॅचला टाकलंय, सर. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि नमस्कार केला.

भुजंगरावांची केबिन पहिल्या मजल्यावर, हॉल दुसऱ्या. भुजंगराव स्वतः कधी शिकवत नसत, शिकवणारे ओळखत. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली गेल्या बारा वर्षांच्या गुणवंतांचे फोटो.

“या, सर. कागद तयार हाय. वाचायचा असंल तर वाचा, तसं पाठच असंल तुम्हाला.”

“काकू जागा द्यायला तयार आहेत,” मल्लिकार्जुन म्हणाला.

पेनचं टोपण काढता काढता भुजंगरावांचा हात थांबला.

“तुम्ही तर म्हणला होता, देणार न्हाईत.”

“मी त्यांना विचारलं नव्हतं.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं.”

भुजंगराव हसले. हसण्यात दुष्टपणा नव्हता. “फिजिक्सचे सर तुम्ही. अन् न मोजताच रीडिंग लिहून मोकळे?”

मल्लिकार्जुन उभाच होता.

“बसा की. लई भारी काम झालं. मी उद्याच जातो त्यांच्याकडं. भाव चांगला देऊ, त्याची काळजी तुम्ही करू नका. बोळातलं गेट गेलं, बरं झालं, पोरींच्या बापांना बोळ आवडतच न्हाई.” बोलता बोलता त्यांनी कागद पुढ्यात ओढला, पट्टी लावली आणि चौथ्या कलमावर दोन सरळ रेघा मारल्या. “हे गेलं. हितं कडेला बारकी सही, खाली मोठी.”

त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला. कागदावर सहा कलमं होती. त्यातली पाच त्याने काय करायचं नाही याची होती. क्लासने काय करायचं नाही, असं एकच होतं, आणि ते आता दोन रेघांखाली गेलं होतं.

“हा कागद दुकानासाठी होता,” तो म्हणाला.

“तुम्ही दुकानासाठी थांबत होता. मी तुम्हाला थांबवत होतो ते तुम्ही पाहिजे म्हणून.” भुजंगरावांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. “दुकानाचं मिटलं. म्हणजे तुमच्या डोक्याचा ताप गेला. आता तर आणखी निवांत थांबा. पंधरा दिवसांवर परीक्षा हाय, चारशे पोरं वर बसलीत, तुम्ही काय आज निघून चाललात का?”

“आधी तास घेतो.”

“घ्या. कागद कुठं पळून जात न्हाई.”

जिन्याच्या अर्ध्या वाटेवर, जिथे दोन मजल्यांचे जिने वळतात, तिथे तो थांबला आणि राजश्रीला फोन लावला. तिने दुसऱ्या घंटीला उचलला. मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

“झाली सही?”

“नाही.” त्याने तिला सांगितलं. बिलाचं, डब्याचं, हदगावचं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“म्हणजे काकूंना ते दुकान नकोच होतं,” राजश्री म्हणाली.

“नव्हतं.”

“आणि तुम्ही त्यांना विचारलं नाहीत.”

“नाही.”

“मलाही नव्हतं विचारलंत. मार्चमध्ये. थांबायचं ठरवून आलात आणि मग सांगितलंत.” ती चिडून बोलत नव्हती. “त्या दिवशी मी काही म्हटलं नाही. म्हटलं, काकूंचा प्रश्न आहे, त्यावर काय बोलणार. आता काय कारण सांगणार?”

वरून हॉलमधला गलका खाली येत होता. चारशे मुलं एकाच वेळी हळू बोलली तरी त्याचा गलका होतो. कारणं त्याच्याकडे होती. बॅच मधेच सोडता येत नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर. नांदेडच्या फ्लॅटचं कर्ज अजून सहा वर्षं. पगार निम्मा. सगळी खरी होती. त्याने भिंतीला टेकून ती एकदा मनात म्हणून पाहिली आणि एकही तोंडाबाहेर काढलं नाही.

“ऐकताय ना?”

“हो.”

“उद्या कॉलेजला मी फोन करू का? सांगते, येत नाहीत म्हणून. तुम्हाला अवघड जात असेल तर.”

“नको,” तो म्हणाला. “माझं म्हणून तू नको सांगू.”

“मग तुम्ही सांगा. काय सांगितलंत ते मला नंतर कळवा. आलोकला भूक लागलीय, मी ठेवते.”

“ठेवू नको.”

“काय?”

“फोन ठेवू नको. चालू राहू दे.”

तिने फोन ठेवला नाही. एक शिपाई वरून अर्धा जिना उतरला, त्याला पाहून म्हणाला, “सर, माइक लावलाय,” आणि परत वर गेला. मल्लिकार्जुनने पिशवी खांद्याला अडकवली आणि खालच्या जिन्याकडे वळला. बारा पायऱ्या होत्या.

केबिनचं दार त्याने ढकललं तेव्हा भुजंगराव कुणाशी तरी बोळातल्या गेटचं काम थांबवा म्हणून बोलत होते. त्याला पाहून त्यांनी बोलणं आवरतं घेतलं.

“काय राहिलं, सर?”

त्याने आपला फोन टेबलाच्या काचेवर, कागदाच्या शेजारी, उताणा ठेवला. पडद्यावर राजश्रीचं नाव होतं आणि त्याखाली पुढे सरकणारे सेकंद. भुजंगरावांनी फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मल्लिकार्जुनने कागदावरचं पेन उचलून भुजंगरावांकडे परत सरकवलं, खुर्ची ओढली आणि बसला. वरच्या मजल्यावर बाकं वाजवायला सुरुवात झाली होती.

“पोरं वाट बघून राहिलीत,” भुजंगराव म्हणाले.

“बघू द्या,” तो म्हणाला.